इंग्रजीची सुरुवात आपल्या शिवारातून

दहावीला इंग्रजीत सत्तरच्या वर गुण मिळवलेला मुलगा पुण्याला मुलाखतीला जातो. समोरचा अधिकारी इंग्रजीतून एवढेच म्हणतो की, स्वतःबद्दल थोडे सांगा, आणि मुलाची दातखीळ बसते. उत्तर डोक्यात असते, शब्दही ओळखीचे असतात, पण तोंडातून वाक्य निघत नाही. गावी परतल्यावर तो घरच्यांना सांगतो, "आपल्याला इंग्रजी जमत नाही." हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत असे अनुभव ऐकायला मिळतात.

'जमत नाही' हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. त्या मुलाला इंग्रजी लिहिण्यापुरते शिकवले गेले, बोलण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. इंग्रजी बोलता येण्यासाठी मोठे शहर, महागडा क्लास किंवा इंग्रजी माध्यमाची शाळा लागत नाही. रोजचा अर्धा तास, बोलायला एक सोबती आणि आपल्याला आधीपासून पक्का ठाऊक असलेला विषय एवढे पुरते. विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि शिक्षण संपून वर्षे लोटलेल्या सर्वांसाठी हा लेख आहे.

बारा वर्षे शिकूनही तोंड का उघडत नाही?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आज बारावी झालेल्या मुलाने तब्बल बारा वर्षे इंग्रजीचा तास केलेला असतो. पण त्या तासात बहुतेक ठिकाणी काय घडते? सर धडा वाचतात, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतात, फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहितात आणि मुले ती उतरवून घेतात. परीक्षा जवळ आली की गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि पाठ केलेले निबंध. या सगळ्यात हात आणि डोळे राबतात. कान आणि जीभ बारा वर्षे बिनकामाच्या राहतात.

दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्या २० गुणांची तयारी वर्षभर झाली तर निम्मे काम शाळेतच होईल. पण अनेकदा ते शेवटच्या आठवड्यात उरकले जाते.

दुसरे कारण भीतीचे आहे. वर्गात एखाद्याने इंग्रजी वाक्य बोलायचा प्रयत्न केला आणि चुकला की हशा पिकतो. कुणी चुकत नाही, तर 'लई शाना झालास का' असा टोमणा बसतो. दोन्हीकडून मार. मग गप्प बसणेच बरे, असे मूल ठरवून टाकते. इंग्रजीचे सर्वांत जास्त नुकसान व्याकरणाने नाही, या हशाने केले आहे.

परकी भाषा शिकणे आपल्या मातीला अजिबात नवे नाही, हे इथे सांगितले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्या काळात शाळेत गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी वेगळी लिपी, वेगळी भाषा शिकून शिक्षण घेतले, कचेऱ्या चालवल्या, अर्ज-फाटे केले. त्याही आधी, नर्सीच्या संत नामदेवांनी पंजाबात जाऊन तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत रचना केली. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गरज आणि माणसे समोर असली की आपली माणसे भाषा शिकतात, हा आपला इतिहास आहे.

घरची भाषा सोडू नका

आपल्या जिल्ह्यात इंग्रजी ही अनेक मुलांची दुसरी नव्हे, तर तिसरी किंवा चौथी भाषा असते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, मोहल्ल्यातले मूल दखनी बोलते, गावातले मूल वऱ्हाडीकडे झुकणारी मराठवाडी बोली बोलते. शाळेत त्याला प्रमाण मराठी भेटते, मग हिंदी, मग इंग्रजी. या मुलांना 'कच्ची' म्हणण्याआधी, ती किती भाषांत वावरतात याचा विचार करावा. दोन भाषांत सहज ये-जा करणाऱ्याला तिसरी अवघड जात नाही.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. मूल घरच्या भाषेत विचार करणे, कारणे देणे, गोष्ट सांगणे शिकते, ते कौशल्य दुसऱ्या भाषेत वाया जात नाही. ते तिकडेही कामाला येते. म्हणजे ज्याला मराठीत मुद्दा नीट मांडता येतो, त्याला इंग्रजीत फक्त शब्द आणि रचना नव्याने शिकायच्या असतात. मुद्दा त्याच्याकडे तयार असतो. ज्याला कोणत्याच भाषेत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत, त्याला इंग्रजी माध्यमात घालूनही फारसा लाभ होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कानडी होती. गुरुजी आधी ती भाषा शिकले आणि मुलांना त्यांच्या भाषेतून पाठ्यपुस्तक समजावले. पुढे त्याच मुलांच्या परदेशांतील वर्गांशी ऑनलाइन गाठीभेटी झाल्या. आधी घरची भाषा, मग जग, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पालकांना म्हणूनच विनंती: शाळा निवडताना टाय-बूट आणि पाटीवरचे 'इंग्लिश स्कूल' एवढ्यावर जाऊ नका. मूल घरी येऊन 'आज काय शिकलास' याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देते का, ते पाहा. देत असेल तर शाळा चांगली आहे, मग माध्यम कोणतेही असो. देत नसेल आणि नुसत्या इंग्रजी कविता पाठ म्हणून दाखवत असेल, तर सावध व्हा.

पहिला धडा: जे माहीत आहे तेच बोला

शब्द किती लागतात? ब्रिटिश काळात ढाक्यात शिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातील दर पाच शब्दांपैकी जवळपास चार शब्द या यादीत सापडतात. म्हणजे जाडजूड डिक्शनरी पाठ करायची गरज नाही. नेहमीचे दोन हजार शब्द पक्के असले की रोजचा व्यवहार चालतो.

त्यातले कितीतरी शब्द तुम्हाला आजच येतात. मोटर, स्टार्टर, पाईप, ड्रिप, स्प्रे, पंप, लाईट, बिल, चार्जर, रिचार्ज, लोन, फॉर्म, सर्टिफिकेट, टेस्ट, इंजेक्शन, ट्रॅक्टर, बॉयलर, पॉलिश. आपल्या आजीलाही हे शब्द कळतात. एका वहीत अशा शब्दांची यादी करा. शंभराच्या पुढे सहज जाईल. तुमची इंग्रजीची सुरुवात शून्यापासून नाही, हे त्या यादीतून दिसेल.

आता सुटे शब्द सोडून वाक्यांकडे या. आपल्या जिल्ह्याचे पीक हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हळदीची सगळी कामे तुम्हाला डोळे मिटून सांगता येतात. तीच इंग्रजीत सांगा:

'वी प्लांट टर्मरिक इन जून. वी हार्वेस्ट इट आफ्टर अबाउट नाइन मन्थ्स. वी बॉइल द रायझोम्स. वी ड्राय देम इन द सन. वी पॉलिश देम. देन वी सेल देम इन द मार्केट.'

लागवड, काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश आणि विक्री. सहा वाक्ये, सहा क्रियापदे. रायझोम म्हणजे कंद, हा एवढाच शब्द नवा आहे. ही सहा वाक्ये आधी मोठ्याने म्हणा. मग मागच्या वर्षाची गोष्ट सांगा: 'वी बॉइल्ड', 'वी ड्राइड', 'वी सोल्ड'. मग पुढच्या वर्षाची: 'वी विल बॉइल'. मग प्रश्न विचारा: 'डू यू बॉइल द रायझोम्स?' मग नकार द्या: 'वी डोन्ट पॉलिश देम ॲट होम.' सहाची तीस वाक्ये झाली आणि काळ, प्रश्न, नकार यांचे व्याकरण नकळत जिभेवर बसले.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी आपला व्यवसाय घ्यावा. किराणा दुकान असेल तर माल आणणे, मोजणे, उधारी लिहिणे, वसूल करणे. शिलाईकाम असेल तर माप घेणे, कापणे, शिवणे, इस्त्री करणे. बचत गटातील महिलांनी पापड-मसाल्याची कृती सांगावी. विषय आपला असला की डोके फक्त भाषेकडे लक्ष देते, मुद्दा शोधत बसत नाही.

मुलाखतीतील 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नालाही हीच तयारी उपयोगी पडते. 'आय ॲम फ्रॉम अ व्हिलेज निअर वसमत. माय फॅमिली ग्रोज टर्मरिक. आय हेल्प माय फादर ड्युरिंग द हार्वेस्ट' असे सांगितले की समोरचा हळदीबद्दल पुढचा प्रश्न विचारतो, आणि त्या विषयात तुम्ही त्याच्याहून जाणकार असता. 'माय हॉबी इज रीडिंग अँड लिसनिंग म्युझिक' हे पाठ केलेले वाक्य मुलाखत घेणाऱ्यांनी असंख्य वेळा ऐकलेले असते.

मराठी माणसाच्या नेहमीच्या अडचणी

मराठीतून इंग्रजीत जाताना काही ठिकाणी आपण सगळेच अडखळतो. त्या जागा आधीच माहीत असल्या की वेळ वाचतो.

पहिली अडचण क्रियापदाची. मराठीत क्रियापद शेवटी येते: आम्ही हळद विकतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच नंतर येते: 'वी सेल टर्मरिक.' म्हणून बोलताना 'कोण, काय करतो, काय' हा क्रम मनात धरा. आधी मराठी वाक्य पूर्ण रचून मग शब्दाला शब्द लावत बसाल तर प्रत्येक वेळी उशीर होईल.

दुसरी अडचण 'मला' या शब्दाची. मला ताप आहे, मला दोन बहिणी आहेत, मला भूक लागली, मला वाटते, मला आवडते. मराठीत ही सगळी वाक्ये 'मला'ने सुरू होतात. इंग्रजीत ती 'आय'ने सुरू होतात: 'आय हॅव अ फीव्हर, आय हॅव टू सिस्टर्स, आय ॲम हंग्री, आय थिंक, आय लाइक.' ही पाच वाक्ये पाठ केली तर शेकडो चुका टळतील.

तिसरी अडचण 'ही' आणि 'शी' यांची. मराठीत 'ही' म्हटले की बाईमाणूस डोळ्यांसमोर येते, इंग्रजीत 'ही' पुरुषासाठी. त्यामुळे आईबद्दल बोलताना पटकन 'ही' निघून जाते. घरातल्या प्रत्येक माणसावर एक वाक्य रोज मोठ्याने बोला: 'शी इज माय मदर. शी वर्क्स इन द फील्ड. ही इज माय ब्रदर. ही ड्राइव्ज अ ट्रॅक्टर.' पंधरा दिवसांत सवय लागते.

चौथी अडचण 'इंग' लावण्याची. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू एकर्स' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. माहीत असणे, मालकीचे असणे, आवडणे या गोष्टी कायमच्या असतात, म्हणून तिथे साधा काळ: 'आय नो', 'आय हॅव टू एकर्स', 'आय लाइक'. तसेच ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक' म्हणू नका. 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' म्हणा.

पाचवी अडचण आदराची. मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन मार्ग आहेत. इंग्रजीत तिन्हींसाठी एकच 'यू'. मग आदर कुठे दाखवायचा? वाक्याच्या सुरुवातीला. 'सर, गिव्ह मी बोनाफाईड' हे ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. 'सर, कुड यू प्लीज गिव्ह मी अ बोनाफाईड सर्टिफिकेट?' हे अदबीचे. 'कुड यू', 'मे आय', 'वुड यू' हे तीन तुकडे जिभेवर ठेवा.

'अ' आणि 'द' यांची भीती बाळगू नका. नवी वस्तू पहिल्यांदा सांगताना 'अ', तीच पुन्हा आली की 'द': 'आय बॉट अ काउ. द काउ गिव्ज टेन लिटर्स ऑफ मिल्क.' एवढे सुरुवातीला पुरे. ते चुकले तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, म्हणून बोलता बोलता अडून बसू नका.

कान आणि जीभ

उच्चारासाठी गोऱ्या साहेबासारखे बोलायची गरज नाही. ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, एवढेच.

'स'पासून सुरू होणाऱ्या जोडाक्षरांत आपली जीभ आधी 'इ' लावते. स्टँडचे 'इष्टांड', स्कूलचे 'इस्कूल'. उपाय सोपा आहे: आधी 'स्' लांबवा, मग पुढचे अक्षर जोडा. 'स्स्स-कूल', 'स्स्स-टँड', 'स्स्स-प्रे'. हळूहळू 'स्' आखूड करत जा.

'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांत फरक आहे. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर उभे राहून 'व्हिलेज' आणि 'वॉटर' म्हणून पाहा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. 'जवळ', 'जरा' यांतला दंत्य 'ज' मराठी माणसाच्या जिभेवर जन्मतः असतो. त्यामुळे 'झू', 'झीरो' हे उच्चार आपल्याला सहज साधतात.

मराठीत आपण साधारण सगळ्या अक्षरांवर सारखा जोर देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. 'डेव्हलप' असे आपण म्हणतो, इंग्रजीत ते 'डिव्हेलप' होते आणि जोर 'व्हे'वर येतो. हा जोर ऐकूनच कळतो, म्हणून ऐकण्याला पर्याय नाही.

ऐकायचे काय? आकाशवाणीच्या बातम्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर मिळतात. आधी मराठी बातम्या ऐका, मग त्याच दिवसाच्या इंग्रजी ऐका. बातमी आधीच माहीत असल्याने इंग्रजी वाक्य आपोआप उलगडते. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम मोफत आहे, आणि त्याचा मजकूर वाचायलाही मिळतो. हिंगोली डेक्कन स्टेशनवर गाडीची वाट पाहताना तीन भाषांतल्या सूचना होतात, त्याही कान देऊन ऐका. आधी मराठी, मग इंग्रजी, हीच पद्धत.

मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. सहा वाक्ये बोला, ऐका, पुन्हा बोला. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज परका वाटतो, तरी थांबू नका. महिन्याभराने पहिले रेकॉर्डिंग ऐकाल तेव्हा प्रगती तुमची तुम्हालाच कळेल.

बोलायला सोबती हवा

१९७९ ते १९८४ या काळात प्रा. एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांत एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरण थेट शिकवण्याऐवजी मुलांना छोटी कामे दिली: रेल्वेचे वेळापत्रक पाहून अमुक गाडी किती वाजता पोचेल सांगा, नकाशा पाहून रस्ता सांगा. काम पूर्ण करायच्या नादात मुले इंग्रजी वापरू लागली. पुढे जगभरच्या भाषाशिक्षणावर या प्रयोगाचा प्रभाव पडला.

हे आपल्याकडेही करता येते. एस.टी. स्टँडवरच्या वेळापत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा. दोघे बसा. एक प्रवासी, एक कंट्रोलर. 'व्हेन इज द नेक्स्ट बस टू नांदेड? हाउ लाँग डझ इट टेक? हाउ मच इज द टिकेट?' मग भूमिका बदला. दुसऱ्या दिवशी एक रुग्ण, एक डॉक्टर. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक, एक दुकानदार. चौथ्या दिवशी बँकेत खाते उघडणे.

गट करायचा असेल तर चार-पाच जणांचाच करा. गर्दीत पुन्हा दोघेच बोलतात आणि बाकीचे ऐकत राहतात. तीन नियम पाळा. कुणी हसायचे नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी चूक सुधारायची नाही. शब्द सापडला नाही तर मराठी शब्द घालून वाक्य पुढे न्यायचे, थांबायचे नाही. मुलींना संध्याकाळी बाहेर जमणे अवघड असेल तर दोघी मैत्रिणी फोनवर दहा मिनिटे बोलू शकतात. जागा आणि वेळ नाही, हे कारण उरत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेतील मुले इंटरनेटच्या आधारे जपानी भाषा शिकू लागली, ही बातमी २०२० मध्ये गाजली. त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ होती, म्हणून त्यांनी ती भाषा निवडली. मराठवाड्यातल्या खेड्यातली मुले जपानी शिकू शकतात, तर अवतीभवती इंग्रजी इतकी असताना आपल्याला ती का येऊ नये?

वाचायला फुकटचे साहित्य भरपूर आहे

फवारणीच्या औषधासोबत घडीचे माहितीपत्रक येते. त्यावर बहुधा अनेक भाषांत तोच मजकूर छापलेला असतो. मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचा. 'पॉयझन', 'डोस', 'अँटिडोट', 'एक्सपायरी डेट' हे शब्द कळणे इंग्रजीच्या परीक्षेपेक्षा मोठे आहे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. फवारणी करणाऱ्या प्रत्येक घरात हे एकाला तरी वाचता आलेच पाहिजे.

बालभारतीची सर्व इयत्तांची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. बारावी झालेल्यानेही पाचवीच्या इंग्रजी पुस्तकापासून सुरुवात करावी. पानावर दोन-तीनच शब्द अडतील असे पुस्तक वाचायला योग्य. दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागत असेल तर पुस्तक अजून जड आहे, एक इयत्ता खाली या. यात कमीपणा नाही. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत वाचता येते. रात्री मुलाला मांडीवर घेऊन एक पान मराठीत, तेच पान इंग्रजीत वाचा. तुमचेही इंग्रजी सुधारेल.

मोबाइलवरचे भाषांतर शब्दाचा अर्थ पाहायला चांगले. पण पूर्ण अर्ज किंवा निबंध त्याच्याकडून करून घेतला तर शिकणे तिथेच थांबते. आधी स्वतः लिहा, मग यंत्राशी ताडून पाहा.

क्लास लावायचा असेल तर

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा फलकांवर विश्वास ठेवू नका. भाषा तीस दिवसांत येत नाही. पैसे भरण्याआधी एक तास नुसते बसून पाहा. त्या तासात सर किती बोलले आणि मुले किती बोलली? मुलांना बोलायला मिळत नसेल, फक्त काळांचे तक्ते उतरवून दिले जात असतील, तर ते शाळेतच झाले आहे. एका वर्गात तीस-चाळीस मुले असतील तर बोलायची पाळी कधी येणार, हेही विचारा.

शिक्षकांसाठी

तासातली शेवटची दहा मिनिटे मुलांच्या तोंडी द्या. जोड्या पाडून एकच प्रश्न द्या. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला उभे केले तर दोन-तीन मुलेच बोलतात, जोड्या पाडल्या तर सगळा वर्ग बोलतो. गोंगाट होईल, होऊ द्या. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटत, वर्गातले अनुभव एकमेकांना सांगत आणि स्वतःचे इंग्रजीही सुधारत. उपक्रम नसला तरी केंद्रातल्या चार शिक्षकांना असे भेटायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि वर्गात चुकीवर हशा पिकला तर तो तिथल्या तिथे थांबवा. हे काम शिक्षकाशिवाय कुणी करू शकत नाही.

रोजचा अर्धा तास

- पहिली दहा मिनिटे ऐकणे: मराठीत माहीत असलेली बातमी किंवा गोष्ट इंग्रजीत.
- पुढची पाच मिनिटे मोठ्याने वाचन: पाठ्यपुस्तकाचे एक पान.
- पुढची दहा मिनिटे बोलणे: सोबत्याशी, तो नसेल तर मोबाइलच्या रेकॉर्डरशी.
- शेवटची पाच मिनिटे लिहिणे: आज दिवसभरात काय केले, याची पाच वाक्ये.

रविवारी आठवड्यातली सगळी वाक्ये पुन्हा वाचा. नवा शब्द एकटा लिहू नका, तो वाक्यात लिहा. सुगीत, लग्नसराईत, परीक्षेत खंड पडेल. पडला तरी सोडून देऊ नका, जिथे थांबलात तिथून पुढे चालू करा.

या सरावाची गरज आता आपल्या दाराशी आली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या वेधशाळेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील. वसमतच्या हळदीला मानांकन मिळाल्याने लांबचे व्यापारी आपल्या दारात चौकशीला येऊ शकतात. त्यांच्याशी बोलायला बाहेरून दुभाषी आणायची वेळ आपल्यावर येऊ नये. आज रात्री जेवणानंतर, घरातल्याच एका माणसासमोर, आपल्या कामाबद्दल पाच इंग्रजी वाक्ये बोला. चुकतील, चुकू द्या, पण उद्या पुन्हा बोला.